नावाखालच्या ओळी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या ग्रंथालयात चक्क फरशीवर मांडी घालून बसले होते. १९७९चा पावसाळा होता. वैद्यकीय महाविद्यालयात साहाय्यक ग्रंथपाल म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख असे जमिनीवर बसलेले पाहून मी घाईघाईनं खुर्ची ओढून आणली. मान वर न करता सर म्हणाले, राहू दे, हा खंड इतका जड आहे की मांडीवरच बरा. त्यांच्या मांडीवर ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ होता आणि हातात भिंग.

त्या सूचीचे आमच्याकडे मोजकेच खंड होते. एका मोठ्या संस्थेनं जागा पुरत नाही म्हणून ते आम्हाला देऊन टाकले होते. टेलिफोन डिरेक्टरीसारखा पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, पानाला अनेक रकाने. सरांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि एका नावावर बोट ठेवलं. आडनाव डे, पुढे आद्याक्षरं एस. एन. नावाखाली एक ओळ : ५९, नेचर, १८३, १५३३. म्हणजे १९५९ साल, ‘नेचर’ हे नियतकालिक, खंड १८३, पान १५३३. त्या ओळीखाली थोडी आत सरकवून आणखी काही नावं. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी आपल्या निबंधात डे यांच्या त्या पानाचा आधार घेतला, त्यांची ती नावं. सर म्हणाले, हा माणूस कलकत्त्यात राहतो, पटकी कशामुळे होते ते यानं जगाला दाखवलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात याचं नाव नाही.

पुढे पस्तीसहून अधिक वर्षं मी याच कामात काढली. आरोग्याच्या क्षेत्रातला संशोधक काय लिहितो, ते कुठे छापून येतं, कोण वाचतं, कोण त्याचा संदर्भ देतं, हे शोधून देणं हे माझं रोजचं काम होतं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत त्या कामाचं रूप पालटलं. लोक निबंध शोधायला येईनासे झाले, आकडा मागायला येऊ लागले. मॅडम, माझा एच-इंडेक्स किती? मॅडम, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहून सही-शिक्का द्या. या बदलाचं मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. पण सुरुवात डे यांच्यापासूनच करते, कारण सरांनी माझी सुरुवातही तिथूनच केली होती.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५चा, पश्चिम बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण झालं, मग लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि १९४९ साली ते परत आले. कलकत्ता हे तर पटकीचं माहेरघर. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली पटकीचा जंतू ओळखला तो कलकत्त्यातच, आणि हा जंतू काहीतरी विष सोडत असावा असा अंदाजही त्यांनी तेव्हाच बोलून दाखवला होता. त्यानंतर पाऊणशे वर्षं जगभरचे लोक ते विष शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. जंतूंचा अर्क करायचा, तो प्राण्याच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचायचा आणि वाट पाहायची. प्राणी मरायचा, पण त्याला पटकी व्हायची नाही. भाताच्या पेजेसारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब हे या रोगाचं खास लक्षण, ते काही केल्या प्राण्यात उमटत नव्हतं.

डे यांचा विचार साधा होता. रोग आतड्यात होतो, तर जंतू आतड्यात घालून पाहावा. १९५३ साली त्यांनी चटर्जी या सहकाऱ्याबरोबर एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला पुढे ‘सशाच्या आतड्याचा लूप’ असं नाव पडलं. पुस्तकात वाचून हा प्रयोग मला समजला नव्हता. सरांनी एकदा विभागात बोलावून तो दाखवला. सशाला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. भूल देऊन पोट उघडलं आणि लहान आतड्याचे बोटभर लांबीचे तुकडे रेशमी दोऱ्यानं दोन्ही टोकांना बांधून घेतले, जागच्या जागी, रक्तपुरवठ्याला धक्का न लावता. एका तुकड्यात पटकीच्या जंतूंचं वाढवण टोचलं. शेजारच्या तुकड्यात नुसतं, जंतू नसलेलं पोषक द्रावण. पोट शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर नुसत्या द्रावणाचा तुकडा फितीसारखा चपटा पडला होता आणि जंतूंचा तुकडा फुगून टम्म झाला होता, केशराच्या काडीएवढ्या लाल रक्तवाहिन्या त्यावर ताणलेल्या. सरांनी त्यातलं पाणी सुईनं ओढून काचेच्या नळीत घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पेजेचं पाणी. मी वैद्यकशास्त्र शिकलेली नाही, पण लहानपणी गावच्या जरीमरीच्या देवळापाशी आजीच्या तोंडून जे ऐकलं होतं, ते त्या नळीत दिसत होतं.

सहा वर्षांनी डे यांनी पुढचं पाऊल टाकलं. जंतूंचं वाढवण गाळून त्यातले सगळे जंतू काढून टाकले आणि उरलेलं निर्जंतुक पाणी लूपमध्ये टोचलं. आतडं तसंच फुगलं. म्हणजे जंतू हजर नसतानाही त्यानं सोडलेलं विष एकटं पुरेसं होतं. तोच हा १९५९चा ‘नेचर’मधला निबंध, मे महिन्यातला. लेखक एकटे डे, आणि लांबी म्हणाल तर दोन पानांची.

इथे मुंबईचाही धागा आहे आणि तो आपण विसरता कामा नये. त्याच वर्षी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी दूधपित्या सशांच्या पिल्लांवर काम करून पटकीच्या विषाबद्दलचा आपला निबंध प्रसिद्ध केला. पिल्लांना पटकी करून दाखवण्याची पद्धतही दत्ता आणि हब्बू यांनी तिथेच, १९५५ साली बसवली होती. दोन शहरं, दोन स्वतंत्र वाटा, उत्तर एकच. आज हाफकिनवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

मग काय झालं? बराच काळ काहीच नाही. डे यांना ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं होतं; त्यासाठी लागणारी साधनं त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हती. ते काम अमेरिकेत झालं, फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांच्या हातून, १९६९ साली. त्यानंतर पटकीच्या विषावरच्या संशोधनाला पूर आला आणि त्या पुराच्या उगमाशी कलकत्त्यातले डे आहेत हे हळूहळू लोकांना उमगलं. १९७८ साली स्टॉकहोमला पटकीवर नोबेल परिसंवाद भरला तेव्हा डे यांना आमंत्रण गेलं. तिथे बोलताना त्यांनी सांगितलं, की साठच्या दशकापासून मी मेल्यातच जमा होतो, या परिसंवादानं मला उकरून बाहेर काढलं आणि इथल्या दोन दिवसांत पुन्हा जिवंत झाल्यासारखं वाटतंय. नोबेल मिळवलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं नाही. १९७३ साली निवृत्त झालेले डे १९८५च्या एप्रिलमध्ये गेले.

१९८६ साली, म्हणजे ते गेल्यावर वर्षभरात, त्यांच्यावर एक मोठा लेख आला. तो कोणा पटकीतज्ज्ञानं लिहिलेला नव्हता. लिहिणारे होते युजीन गारफिल्ड, सरांच्या मांडीवरची ती सूची ज्यांनी निर्माण केली तेच गृहस्थ. पटकीवरचे निबंध एकमेकांचा संदर्भ कसा देतात याचा त्यांनी नकाशा काढला आणि त्यात डे कुठे उभे आहेत ते दाखवलं. सरांनी तो लेख मला वाचायला दिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की संदर्भांची सूची नीट वापरली तर ती विसरलेल्या माणसाला हात देऊ शकते.

गारफिल्ड यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज त्यांच्या नावावर नको ते खपवलं जातं. अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३पासून एक सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांत घेतला गेला, कुठे तो फिरवला गेला, हे तिच्यातून कळायचं. विज्ञानालाही असं काहीतरी हवं, हे गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं आणि १९६४मध्ये सूची प्रत्यक्ष सुरू केली. हेतू शोधण्याचा होता. तुमच्या हातात एक चांगला जुना निबंध आहे. त्याच्या पुढे काय झालं ते शोधायचं तर त्याच्या नावाखालच्या ओळी वाचा. वडाच्या पारंब्या खाली कुठे रुजल्या ते पाहावं, तसं हे.

इम्पॅक्ट फॅक्टर याच कामातून निघाला. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला एक माप हवं होतं. पुढे ते माप ग्रंथपालांना उपयोगी पडलं, आणि मी ते स्वतः वापरलं आहे. वर्षाचं अनुदान ठरलेलं, डॉलर चढलेला, चाळीस जर्नलांतली पंचवीसच ठेवायची आहेत. अशा वेळी कोणतं जर्नल लोक जास्त वापरतात याचा अंदाज त्या आकड्यानं यायचा. गणित सोपं आहे. एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत जे निबंध छापले, त्यांना या वर्षी एकूण किती संदर्भ मिळाले, भागिले निबंधांची संख्या. बस, एवढंच.

आता हे गणित डे यांच्या निबंधाला लावून बघा. निबंध १९५९चा. म्हणजे १९६० आणि १९६१ या दोन वर्षांतले संदर्भ तेवढे हिशेबात येणार. नेमकी हीच ती वर्षं, जेव्हा जगानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सत्तरच्या दशकात जे संदर्भ आले, ते सगळे या हिशेबाच्या बाहेर. पाऊणशे वर्षांचं कोडं सोडवणाऱ्या दोन पानांनी त्या मापात जवळजवळ शून्य भर घातली. मापाचा यात दोष नाही, ते कपाटासाठी बनलं होतं. आपण ते माणसाला लावलं.

दुसरं माप एच-इंडेक्स. होर्खे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या पदार्थवैज्ञानिकानं ते २००५ साली सुचवलं. ज्याचे निदान दहा निबंध निदान दहा-दहा वेळा संदर्भिले गेले, त्याचा एच दहा. सातत्य दिसतं, हे खरं. पण जो आयुष्यात दोनच निबंध लिहील आणि त्या दोन निबंधांनी एका रोगाचं शास्त्र पालटेल, त्याचा एच दोनच्या वर कधीही जाणार नाही. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, खाली कधी येत नाही. तिशीतल्या मुलीची आणि साठीतल्या प्राध्यापकाची तुलना त्यानं करणं हा अन्याय आहे, आणि निवड समित्यांमध्ये तो होताना मी पाहिला आहे.

नावांचा घोळ वेगळाच. डे हे आडनाव घ्या. युरोपात नावाआधी ‘डे’ लावण्याची रीत आहे, त्यामुळे यंत्राला आपले डे आणि त्यांचे डे वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्याकडे जोशी, पाटील, कुलकर्णी, देशमुख. ‘एस. जोशी’ या नावाखाली दंतवैद्यापासून खगोलशास्त्रज्ञापर्यंत सगळे एका पंगतीत बसलेले मी पाहिले आहेत. आणि बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधीचे निबंध माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. मधलं अक्षर वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. एका संशोधक बाईंच्या सूचीत दोन अर्धी आयुष्यं असतात आणि दोन्ही किरकोळ दिसतात. २०१२पासून ‘ऑर्किड’चा, म्हणजे संशोधकाच्या कायम ओळखीचा क्रमांक आला, तो प्रत्येकीनं पहिल्या निबंधापासून घ्यावा असं मी शेवटपर्यंत सांगत आले.

आता महाडला येते. आपल्या राज्यातलं हे उदाहरण तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून शिकून १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू. भात कापताना, पेंढा उचलताना, अंधारात चपलेत पाय घालताना तो डसतो. माणूस घामानं न्हाऊन निघतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, उलट्या होतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस येतो. शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत. बावस्करांनी एकेका रोग्याच्या उशाशी बसून हे टिपलं. रक्तदाब किती, नाडी किती, घाम कधी सुटला, फेस कधी आला. त्या टिपणांवरचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मग रक्तदाबावर वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध इथे चालेल असं त्यांच्या ध्यानात आलं आणि १९८६ साली, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह, त्याबद्दलचं लेखनही ‘लॅन्सेट’नं छापलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११मध्ये ‘बीएमजे’त त्यांची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली : नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस यांची तुलना. कोणत्याही विद्यापीठाची खुर्ची पाठीशी नाही, संशोधनाचं अनुदान नाही.

या कामाला संदर्भ किती मिळतील याचा विचार करा. विंचवावर संशोधन करणारे जगात थोडे. भारत, इराण, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका, ब्राझील, मेक्सिको, असा हा मुलूख. आणि डसला जाणारा माणूस सगळीकडे शेतमजूर, आदिवासी, वीटभट्टीवरचा. हृदयविकारावर किंवा कर्करोगावर लिहिणाऱ्याला जगभरचे लाखो वाचक आयते मिळतात. तिथला मध्यम प्रतीचा निबंधही दोन वर्षांत जेवढे संदर्भ गोळा करतो तेवढे विंचवावरच्या उत्तम निबंधाला वीस वर्षांत मिळणार नाहीत. हे दोन आकडे शेजारी मांडून कोण थोर असं विचारणाऱ्याला गरिबांचे रोग अभ्यासणारा कायमच लहान दिसेल. आणि तरुण डॉक्टर हे बघतात. कशावर लिहिलं की आकडा फुगतो ते त्यांना चटकन कळतं. मग विंचू, साप, खरूज, पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड, असल्या विषयांना माणूस मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. महाड-पोलादपूरच्या भागात रात्री दोन वाजता विंचू डसलेल्या पोराला प्राझोसिनची गोळी देणारा डॉक्टर शोधनिबंध लिहीत नसतो. ती गोळी पुढे करणारी नर्स तर नाहीच. त्या गोळीचा संदर्भ केसपेपरवर असतो आणि केसपेपर कोणत्याही सूचीत जात नाही. संशोधन जितकं खोल मुरतं, तितकं ते सूचीतून नाहीसं होतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नाव दिलं होतं : सामावून जाताना पुसलं जाणं. क्षारसंजीवनीचं बघा. पटकीचं विष आतड्याची भिंत मोडत नाही, ते तिला फक्त आतून पाणी सोडायला लावतं. साखर-मीठ शोषण्याचा मार्ग शाबूत राहतो, म्हणून तोंडानं दिलेलं साखर-मिठाचं पाणी शरीरात ठरतं. बांगलादेशच्या युद्धात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर हेच मिश्रण पिंपांत कालवून वाटलं आणि सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांचा निबंध १९७३ साली आला. आज अंगणवाडी ताई पुडी फोडून लिटरभर पाण्यात कालवते. त्या पुडीवर ना डे यांचं नाव, ना महालनोबिसांचं. ते असायला हवं असं मी म्हणत नाही. पण मूल्यमापन करणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

उलट बाजूही सांगते. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, बारा मुलांवरचा. त्यातून गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडला गेला. तो निबंध खोटा ठरला आणि २०१० साली ‘लॅन्सेट’नं तो मागे घेतला. त्याला संदर्भ मात्र भरपूर आहेत, त्यातले बहुतेक त्याचं खंडन करणारे. यंत्राला खंडन आणि मंडन यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एक एक. तो निबंध वाचून ज्या आयांनी लस टाळली त्यांची मुलं त्या बेरजेत कुठेच नाहीत.

आता आमच्या महाविद्यालयातली एक गोष्ट. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकलं असतं. २०१५ साली वैद्यकीय परिषदेनं नियम काढला की बढतीसाठी निबंधावरच्या पहिल्या दोन नावांनाच श्रेय. त्यानंतरच्या वर्षी जनआरोग्य विभागातली एक तरुण व्याख्याती माझ्याकडे आली. दोन वर्षं ती एका दुर्गम तालुक्यातल्या आश्रमशाळांमध्ये जात होती, मुलींच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला. एसटीनं जायची, पुढे पायी. रात्री वसतिगृहातच मुक्काम. मुलींची पाळी, जेवण, जंत, लोहाच्या गोळ्या ताटात टाकून देण्याची सवय, हे सगळं तिनं तिच्या वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही मी पाहिली आहे. निबंध आला तेव्हा तिचं नाव तिसरं. पहिली दोन नावं तालुक्याला गेली नव्हती. समितीसाठी तिला माझं प्रमाणपत्र हवं होतं. काय लिहून देणार होते मी? जर्नलचं नाव, अंक, इम्पॅक्ट फॅक्टर, लेखक क्रमांक तीन. सगळं खरं होतं आणि त्यात तिचं काहीच नव्हतं. शिक्का मारताना माझा हात जड झाला. तिला त्या वर्षी बढती मिळाली नाही.

पुढे तो नियम बदलला, तिसऱ्या नावालाही जागा मिळाली. पण घाव तिथे नव्हता. समितीतल्या एकानंही तो निबंध उघडला नव्हता, हा घाव होता.

मला कल्पना आहे की आकड्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा हिशेब मांडला होता. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यातल्या ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध आला नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या पंचवीस. हे वाचून मला लाज वाटली होती. ज्या देशात रोगांची कमतरता नाही आणि रोज हजारो रोगी दारात उभे असतात, तिथे निम्म्याहून जास्त महाविद्यालयांत दहा वर्षांत कुणाला एकदाही काही लिहावंसं वाटू नये? तेव्हा, शिक्षकांनी लिहावं ही सक्ती मला मान्य आहे. पण सक्ती आकड्याची झाली की आकडा हजर होतो आणि संशोधन घरीच राहतं. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या जर्नलांची पत्रं माझ्याकडेही यायची, ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून. त्यातल्या काहींनी आमच्याच महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना संपादक मंडळावर घेतलं होतं, त्यांना न विचारता.

म्हणून माझं मागणं लहान आहे आणि करता येण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२च्या डिसेंबरमध्ये संपादकांनी आणि संशोधकांनी एकत्र येऊन जाहीरनामा तयार केला, की जर्नलच्या मापानं माणूस मोजू नका. तो कागदावर पुष्कळांना मान्य आहे. आपल्या निवड समित्यांनी त्याच्या पुढे एक पायरी चढावी. उमेदवाराकडून तीनच निबंध मागावेत, त्यानं स्वतः निवडलेले, आणि ते समितीनं वाचावेत. त्या निबंधांना ज्यांनी संदर्भ दिले त्यातले पाच-दहा उघडून, नेमकं कोणत्या वाक्यात आणि कशासाठी संदर्भ आला ते पाहावं. पद्धत वापरली म्हणून? मत खोडलं म्हणून? की प्रस्तावनेत शिष्टाचार म्हणून ओवाळलं? एका दुपारचं काम आहे, आणि ग्रंथपाल ते आनंदानं करून देईल. जोडीला उमेदवाराला विचारावं, की तुझं काम कुठल्या उपचारपद्धतीत, कुठल्या शासकीय सूचनेत, कुठल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात गेलं? आश्रमशाळांमध्ये जाणारी ती व्याख्याती याचं उत्तर देऊ शकली असती. तिच्या टिपणावरून त्या तालुक्यात लोहाच्या गोळ्या जेवणानंतर, बाईंच्या समोर गिळायला लावायला सुरुवात झाली होती.

शेवटी सरांकडे येते. सरांच्या स्वतःच्या निबंधांपैकी एकच मला फार आवडतो. खेड्यातल्या पटकीच्या रोग्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू जिवंत कसे ठेवायचे, याबद्दलचा तो आहे. सूचीत मी शोधून पाहिलं : चार संदर्भ. सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ग्रंथालयात आणून दिला. त्यात रीप्रिंट मागणारी कार्डं होती. झेरॉक्स सहज मिळत नव्हतं तेव्हा लोक लेखकालाच कार्ड टाकून निबंधाची प्रत मागायचे. मी मोजली, सदतीस निघाली. बहुतेक छापील, विदेशी तिकिटांची, रिकाम्या जागी निबंधाचं नाव टाइप केलेलं. एकच मराठीत होतं, पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, एका तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं. निबंध त्यांनी वाचला होता. त्यांची अडचण अशी, की पावसात संध्याकाळची एसटी चुकते आणि नमुना सकाळपर्यंत केंद्रातच पडून राहतो; तेवढा वेळ जंतू तग धरतील का? कार्डाच्या कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीनं दोन तारखा लिहून ठेवल्या होत्या, कार्ड आल्याची आणि उत्तर टाकल्याची. मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांचं पान सरांच्या वहीत आहे. सहा नळ्या, विभागाच्या खिडकीत, रात्रभर, बर्फाविना. सकाळी पाचांत वाढ.